सोलॅरिसवर सी कंपायलर बसवण्याची सोपी पद्धत

ही मार्गदर्शिका निव्वळ नवशिक्यांसाठी आहे. कॉलेजात यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ शेजारी उघडं ठेवून, टर्बो सीच्या निळ्या खिडकीत कंट्रोल-एफ९ दाबून ज्याने एखादी संख्या उलटी छापून पाहिली आहे, तो पात्र आहे. युनिक्स येत नसेल तरी चालेल. येत असेल तर थोडं जड जाईल, कारण ‘असं कसं होईल?’ हा प्रश्न पडण्यासाठी आधी काहीतरी माहीत असावं लागतं.

यंत्र असं धरू: सन मायक्रोसिस्टिम्सचं, आत अल्ट्रास्पार्क प्रोसेसर, त्यावर सोलॅरिस १०. ही आवृत्ती २००५ च्या जानेवारीत आली. पुढे २०१० मध्ये अख्खी सन कंपनीच ओरॅकलने विकत घेतली. यंत्राला हे कुणी सांगितलेलं नाही. ते सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात चालूच आहे, कारण त्यावरचा एक प्रोग्रॅम बंद केला तर आणखी काय काय बंद पडेल हे सांगायला कुणी पुढे येत नाही. आता साहेबांना त्या प्रोग्रॅमच्या अहवालात एक रकाना वाढवून हवा आहे. रकान्यासाठी प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायला हवा, त्यासाठी कंपायलर हवा, आणि विभागात सगळ्यात तरुण तुम्ही आहात.

जुनं खोड म्हणून नाक मुरडू नका. १९९८ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम १०००० हा महासंगणक उभा केला तो याच घराण्यातल्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर. हे यंत्र ज्याच्या टेबलावर असे त्याच्याशी त्या काळी लोक जरा अदबीने बोलत.

पायरी १ : कंपायलर आधीच आहे का, ते पाहा

‘सीसी’ असं टाइप करून एंटर दाबा. युनिक्सवर सी कंपायलरला सुरुवातीपासून हेच नाव आहे. सी भाषा डेनिस रिचींनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवली, आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा त्याच भाषेत नव्याने लिहिला गेला. म्हणजे युनिक्स आहे तिथे सी कंपायलर असणारच, असं तुम्हाला वाटेल.

यंत्र उत्तर देईल: ‘लँग्वेज ऑप्शनल सॉफ्टवेअर पॅकेज नॉट इन्स्टॉल्ड’.

हे उत्तर नीट वाचा. कमांड सापडली नाही, असं ते म्हणत नाही. कमांड आहे. ‘/यूएसआर/यूसीबी/सीसी’ या जागी ‘सीसी’ नावाची फाइल सनने जाणूनबुजून ठेवलेली आहे. ती एक छोटी शेल स्क्रिप्ट आहे. खरा कंपायलर जागेवर आहे का ते ती पाहते, आणि नसला की हे वाक्य छापून निघून जाते. जुन्या सनओएस ४ मध्ये कंपायलर यंत्राबरोबरच मिळत असे. १९९२ मध्ये सोलॅरिस २ आलं तेव्हा सनने तो बाजूला काढला आणि त्याची वेगळी किंमत लावली. ज्या सिस्टीमचा बहुतेक भाग सीमध्ये लिहिलेला आहे, तिच्यात सी हा ऐच्छिक विषय झाला. ‘/यूएसआर/सीसीएस/बिन’ ही डिरेक्टरी तर खास सी कंपाइल करण्याच्या सरंजामासाठीच आहे. तिच्यात असेंब्लर आहे, लिंकर आहे, मेक आहे. कंपायलर तेवढा नाही.

माझ्या मते जीसीसी या मुक्त कंपायलरचा प्रसार ज्या गोष्टींनी झाला त्यांत सनच्या या निर्णयाचा क्रमांक बराच वर लागतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी १९८७ मध्ये लोकांसमोर ठेवला तो तत्त्वासाठी. सोलॅरिसवाल्यांनी तो उचलला तो मुख्यतः खरेदी विभागाला अर्ज करायचा कंटाळा आला म्हणून. तुमचंही तेच होणार आहे.

पायरी २ : कंपायलर मिळवण्यासाठी कंपायलर मिळवा

जीसीसी फुकट मिळतो, पण मिळतो तो सोर्सच्या रूपात. सोर्स कंपाइल करावा लागतो. दही लावायला चमचाभर दही लागतंच, तसा इथेही कुणाकडून तरी विरजण मागून आणावं लागतं. त्यात २०१३ च्या ४.८ या आवृत्तीपासून जीसीसी स्वतः सी++ मध्ये बांधला जातो. तेव्हा सी कंपायलर हवा असेल, तर आधी सी++ कंपायलर हवा.

इथे सनने, उशिरा का होईना, दया दाखवली आहे. सोलॅरिस १० मध्ये ‘/यूएसआर/एसएफडब्ल्यू/बिन’ या आडबाजूच्या डिरेक्टरीत जीसीसी ३.४.३ ठेवलेला असतो. तो पाथमध्ये, म्हणजे कमांडी शोधायच्या जागांच्या यादीत, नसतो, म्हणून वर्षानुवर्षं तिथे काम करणाऱ्यांनाही त्याचा पत्ता नसतो. ‘मग तोच वापरू की’ असं तुमच्या मनात आलं असेल. वापरा. रकाना त्याने झाला तर ही मार्गदर्शिका इथेच मिटून घरी जा, कुणाला सांगू नका. पण साधारणपणे असं होतं की मधल्या काळात कुणीतरी त्या प्रोग्रॅमला नव्या सी++ ची दोन-चार पानं चिकटवलेली असतात, आणि ३.४.३ ती पाहून तोंड फिरवतो.

आवृत्ती कोणती घ्यावी? नवशिका नेहमी सगळ्यात नवीन घेतो. जीसीसी ९ मध्ये सोलॅरिस १० ला कालबाह्य ठरवलं गेलं आणि २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० मधून त्याचा आधार काढूनच टाकला. त्यामुळे सोलॅरिस १० वर जीसीसी १० चालत नाही, ९ चालतो. ९ च्या मालिकेतली शेवटची ९.५ ही आवृत्ती घ्या. ३.४.३ वरून थेट तिथे उडी मारू नका, मध्ये ४.९ बांधून घ्या आणि त्याच्याकडून ९.५ बांधून घ्या. म्हणजे पुढच्या सगळ्या पायऱ्या दोनदा करायच्या आहेत. साहेबांनी ‘किती वेळ लागेल?’ असं विचारलं असेल, तर उत्तर अजून देऊ नका.

पायरी ३ : यंत्राचं नाव

खोक्यावर सोलॅरिस १० लिहिलेलं आहे. यंत्राला ‘यूनेम’ कमांडने विचारलं तर ते सनओएस ५.१० सांगतं. जीसीसीच्या दप्तरी नोंद आहे ती स्पार्क-सन-सोलॅरिस२.१० अशी. तिन्ही बरोबर आहेत. सनओएसची पाचवी पिढी सोलॅरिस २ या नावाने विकली गेली, २.६ नंतर, १९९८ मध्ये, विक्रीवाल्यांनी पुढचं ‘२.’ गाळलं आणि थेट सोलॅरिस ७ आणलं. आतल्या नोंदी बदलायच्या तर हजारो स्क्रिप्टा मोडल्या असत्या, म्हणून कुणी हात लावला नाही. तुम्हीही लावू नका. हे नाव जीसीसीचा स्वतःचा ओळखपरेडवाला अंदाजाने काढतो आणि तो अंदाज बरोबर असतो. ज्यांनी मदत करायला म्हणून ते हाताने लिहून दिलं, त्यांची पत्रं मी वाचली आहेत.

पायरी ४ : पाथ

इथे घोडं पेंड खातं. इतर मार्गदर्शिका हा विषय एका ओळीत उरकतात आणि मग तिसऱ्या दिवशी वाचकाच्या डोळ्यांत पाणी का येतं, ते त्यांना कळत नाही.

टर्बो सीमध्ये सगळं एकाच खिडकीत होतं. सोलॅरिसवर एकाच नावाची कमांड तीन ठिकाणी असते आणि तिन्ही ठिकाणी ती वेगळी वागते. कारण असं की सनला सगळ्यांची मनं राखायची होती. ‘/यूएसआर/बिन’ मध्ये सिस्टीम फाइव्ह पंथाच्या कमांडी आहेत. बर्कलीच्या बीएसडी पंथात वाढलेले लोक दुखावू नयेत म्हणून ‘/यूएसआर/यूसीबी’ मध्ये त्यांच्या पद्धतीच्या. एक्स-ओपनच्या मानकाचा आग्रह धरणाऱ्यांसाठी ‘/यूएसआर/एक्सपीजी४/बिन’. आणि जीसीसी ज्यांचा, त्या जीएनयू मंडळींसाठी ते मघाचं एसएफडब्ल्यू. ‘पीएस’ कमांडला बर्कलीवाले एक पर्याय देतात, सिस्टीम फाइव्हवाले दुसराच, आणि दोन्ही ‘पीएस’ एकाच डिस्कवर गुण्यागोविंदाने राहतात. तुम्हाला कोणती मिळेल ते तुमच्या पाथमध्ये कोण आधी उभा आहे त्यावर.

जीसीसीच्या अधिकृत सूचनांमध्येच लिहिलं आहे की यूसीबीमधला लिंकर वापरला तर तो कायमचा लटकू शकतो. चुकीचा संदेश वगैरे काही नाही. नुसता थांबतो. तुम्हाला वाटतं काम चालू आहे, तुम्ही चहाला जाता, जेवायला जाता, घरी जाता. म्हणून पहिलं काम, यूसीबीला पाथमधून काढा. दुसरं, एक्सपीजी४ असेलच तर त्याला ‘/यूएसआर/बिन’च्या मागे उभं करा. हेही त्याच सूचनांत आहे. अधिक चांगल्या, मानकाला धरून वागणाऱ्या कमांडी मागे ठेवायच्या आणि जुन्या पुढे, कारण बांधणी जुन्यांबरोबर सुरळीत होते. तिसरं, ‘/यूएसआर/सीसीएस/बिन’ आणि एसएफडब्ल्यू यांना घ्या.

मग शेल. सोलॅरिस १० चं ‘/बिन/एसएच’ हे खरंखुरं जुनं बोर्न शेल आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला ते पाहून आनंद होईल. जीसीसीचा कॉन्फिगर त्याच्यावर चालवला तर सी++ ची लायब्ररी बांधताना मध्येच मोडतो. ‘कॉन्फिग शेल’ या चलामध्ये ‘/बिन/केएसएच’ घाला आणि तो एक्स्पोर्ट करा. एक्स्पोर्ट विसरलात तर सगळं नीट चालल्यासारखं दिसेल.

टारही सनचा नको. जीसीसीच्या पोटात लांबलचक नावांच्या फायली आहेत. सनचा टार त्या उलगडताना काहींची नावं बिघडवतो. ‘जीटार’ वापरा. मेकही सनचा नको, ‘जीमेक’ वापरा. असेंब्लर सनचा किंवा जीएनयूचा, कुठलाही चालेल. लिंकर मात्र सनचाच हवा. थोडक्यात, टार जीएनयूचा, मेक जीएनयूचा, लिंकर सनचा. हे का, असं विचारणारा नवशिका राहिलेला नसतो. त्याने पायरी ४ सोडून सरळ मेलिंग लिस्टवर जीसीसीच्या लेखकांना गाठावं.

आता ‘स्टडआयओ डॉट एच’ यंत्रावर आहे का ते पाहा. हो, तीच हेडर फाइल जिला निम्मा वर्ग ‘स्टुडिओ डॉट एच’ म्हणायचा. सोलॅरिस बसवताना ज्याने ‘ऐच्छिक’ खुणा काढून टाकल्या असतील त्याच्या यंत्रावर ती नसते. हेडर फायली ‘सनडब्ल्यूएचईए’ या पॅकेजमध्ये येतात, लायब्रऱ्यांचे काही तुकडे ‘सनडब्ल्यूएआरसी’मध्ये, गणिताच्या लायब्ररीसाठी लागणारं ‘सनडब्ल्यूलिबएम’मध्ये. ‘पीकेजीइन्फो’ कमांडने बघून घ्या. नसतील तर मूळ डीव्हीडी लागेल आणि रूटचा पासवर्ड लागेल. डीव्हीडी कपाटात आहे. कपाटाची किल्ली आणि रूटचा पासवर्ड एकाच माणसाकडे असतो आणि तो लग्नाला गावी गेलेला असतो.

पायरी ५ : कॉन्फिगर

इथवर काहीच झालेलं नाही. आता सुरुवात.

जीसीसीला स्वतःचं गणित करायला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन लायब्रऱ्या लागतात. तुमच्या प्रोग्रॅममधलं ‘२ चं वर्गमूळ’ तो कंपाइल करतानाच सोडवतो, आणि ते अचूक सोडवायचं तर प्रोसेसरच्या आकडेमोडीवर विसंबून चालत नाही. जीसीसीच्या सोर्समध्ये या लायब्रऱ्या आपोआप उतरवून घेणारी स्क्रिप्ट आहे. तिला इंटरनेट लागतं. तुमच्या यंत्राला इंटरनेट नाही, आणि सुरक्षा विभागाचं म्हणणं मनावर घेतलं तर कधी असणारही नाही. दुसऱ्या यंत्रावर उतरवा, इकडे आणा, जीसीसीच्या सोर्सच्या आतच उलगडा आणि डिरेक्टऱ्यांची नावं आवृत्तीचे आकडे काढून नुसती ‘जीएमपी’, ‘एमपीएफआर’, ‘एमपीसी’ अशी ठेवा. म्हणजे जीसीसी त्यांना आपल्याबरोबरच बांधून घेतो. या तिघांना वेगवेगळं बसवून मग जीसीसीला त्यांचे पत्ते देण्याचा दुसरा मार्गही आहे. तो सुशिक्षित लोक घेतात आणि संध्याकाळी पहिल्या मार्गावर परत येतात.

सोर्सच्या डिरेक्टरीत उभं राहून कॉन्फिगर चालवू नका. शेजारी रिकामी डिरेक्टरी करा, तिच्यात जा, आणि तिथून सोर्समधल्या कॉन्फिगरला पूर्ण पत्त्याने हाक मारा. त्याला सांगायच्या गोष्टी पाचच: कुठे बसायचं (‘प्रीफिक्स’, इथे ‘/ऑप्ट’खालची एखादी नवी डिरेक्टरी द्या, सिस्टीमच्या जागेत शिरू नका), कोणत्या भाषा हव्यात (सी आणि सी++, फोर्ट्रानचा मोह टाळा), असेंब्लर कुठे आहे, लिंकर कुठे आहे, आणि ९.५ साठी ‘एनेबल ऑब्सोलीट’, नाहीतर कालबाह्य ठरलेल्या सोलॅरिस १० ला तो दारातूनच परत पाठवतो. बाकीचे शेकडो पर्याय कागदावर फार आकर्षक दिसतात.

मग चौकशी सुरू होते. ‘चेकिंग’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी पडद्यावरून सरकू लागतात. अशा स्क्रिप्टा ज्या साधनाने तयार होतात त्या ऑटोकॉन्फचा पाया डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये घातला. त्यामागचा विचार साधा आहे: यंत्र स्वतःबद्दल काय सांगतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही. ‘तुझ्याकडे अमुक फंक्शन आहे का?’ असं विचारत बसायचं नाही; ते फंक्शन वापरणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा, कंपाइल करायचा, आणि चालतो का बघायचं. मग तो पुसून पुढचा. जुनी यंत्रं खोटं बोलतात हे ज्याला अनुभवाने कळलं आहे, अशा माणसाची ही रीत आहे आणि मला ती मनापासून आवडते. कॉन्फिगरला शिव्या घालणाऱ्यांनी एकदा तरी आठ वेगळ्या युनिक्सांवर एकच प्रोग्रॅम हाताने चालवून दाखवावा.

पुढच्या पायरीत जीमेक चालू असताना आतल्या भागांचे कॉन्फिगरही धावतात. त्यांतला जीएमपीचा कॉन्फिगर बांधणीचं वातावरण शुद्धीवर आहे का, असं तपासतो. घाबरू नका. तो फक्त एक नवी फाइल करून ती सोर्सपेक्षा नवी ठरते का ते पाहतो, म्हणजे घड्याळ बघतो. इथे सन यंत्रांची एक खोड आडवी येते. जुन्या यंत्रांत घड्याळ आणि त्याची बॅटरी एकाच चिपमध्ये बंद केलेली असे; बॅटरी संपली की यंत्र कुठल्यातरी भलत्याच वर्षात जागं होतं. भूतकाळात राहणाऱ्या यंत्रावर २०२२ चा सोर्स भविष्यातून आलेला ठरतो. तारीख लावा, पुढे चला.

आणि मग, जीमेक चालू असतानाच, सगळं संपत आलं असं वाटताना, ती ओळ येते. ‘कॅनॉट कंप्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स: कॅनॉट कंपाइल’.

जीसीसी बांधणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ पाहिलेली आहे. ऑब्जेक्ट फाइलच्या नावाच्या शेवटी काय असतं, ते त्याला काढता येत नाही, म्हणे. ‘डॉट ओ’ असतं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत आहे. नवशिका इथे तीन दिवस ‘सफिक्स’चा शोध घेतो, चल बदलतो, कॉन्फिगरमध्ये हाताने ‘ओ’ लिहून बघतो. वास्तविक सफिक्सचा काही संबंध नाही. लिबजीसीसी या जीसीसीच्या मदतनीस लायब्ररीच्या कॉन्फिगरने एक चिमुकला प्रोग्रॅम नव्याने बांधलेल्या कंपायलरला दिला, कंपायलर उठलाच नाही, म्हणून ‘डॉट ओ’ फाइल जन्मली नाही, म्हणून तिचं आडनाव सांगता येत नाही. कंपायलर का उठला नाही? बहुतेक वेळा त्याला स्वतःला लागणारी एखादी लायब्ररी चालतेवेळी सापडली नाही म्हणून. ते खरं कारण लिहिलेलं असतं ‘कॉन्फिग डॉट लॉग’मध्ये. पण तुम्ही ज्या डिरेक्टरीत उभे आहात तिथल्या नाही. त्या नावाच्या फायली डझनभर आहेत. हवी असलेली लिबजीसीसीच्या पोटात, यंत्राच्या त्या लांब नावाच्या डिरेक्टरीखाली आहे. ती उघडा, आणि शेवटून वर वाचत जा. शेवटची ओळ निष्पाप असते. तिच्या वरची शंभरएक पानं म्हणजे चलांची यादी. तिच्याही वर, एका ओळीत, कुणीतरी ‘ओपन फेल्ड’ म्हणून ठेवलेलं असतं.

कंपायलर बसवण्याची सगळी विद्या एवढीच आहे: जे ओरडतंय त्याला मारलेलं नसतं, ज्याला मारलंय ते बरंच वर, शांतपणे पडलेलं असतं. या एका सवयीवर लोक पगार घेतात.

पायरी ६ : जीमेक

‘जीमेक’ टाइप करा. या यंत्रावर हे सकाळी सुरू केलं तर त्या दिवशी संपेल असं धरू नका.

वेळ का लागतो? कारण जीसीसी स्वतःला एकदा बांधून थांबत नाही, तीनदा बांधतो. पहिल्या टप्प्यात जुना कंपायलर नव्याला बांधतो. दुसऱ्यात तो नवा कंपायलर तोच सोर्स घेऊन स्वतःला पुन्हा बांधतो. तिसऱ्यात दुसऱ्या टप्प्याचा कंपायलर आणखी एकदा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या ऑब्जेक्ट फायली समोरासमोर ठेवून तपासल्या जातात. पहिल्या आणि दुसऱ्याची तुलना करत नाहीत, कारण त्या दोघांना बांधणारे हात वेगळे. सोर्स एक असला तरी यंत्रभाषेतलं रूप वेगळं निघणारच. दुसरा आणि तिसरा मात्र तंतोतंत सारखे निघायला हवेत. निघाले नाहीत, तर ‘बूटस्ट्रॅप कंपॅरिझन फेल्युअर’ असा निकाल येतो आणि कुठेतरी कंपायलर चुकीचं भाषांतर करतो आहे असा त्याचा सहसा अर्थ असतो. ‘डिसेबल बूटस्ट्रॅप’ हा पर्याय दिला तर हे सगळं टळतं आणि वेळ खूपच वाचतो. चार लोक तुम्हाला तो सुचवतील. ४.९ साठी हवं तर ऐका, ९.५ साठी ऐकू नका.

यंत्र चालू असताना वाचायला काहीतरी हवं. केन थॉम्प्सन यांचं १९८४ साली छापलेलं ट्युरिंग पुरस्काराचं व्याख्यान वाचा; तीन-चार पानांचं आहे. युनिक्सच्या या जनकाने त्यात दाखवलं की कंपायलरमध्ये अशी खोडी करता येते की तो लॉगिनचा प्रोग्रॅम कंपाइल करताना गुपचूप एक चोरदरवाजा घालील, आणि स्वतःचा सोर्स कंपाइल करताना तीच खोडी नव्या कंपायलरमध्ये पुन्हा घालील. त्यानंतर सोर्समधून खोडी पुसून टाकली तरी ती पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते. आता आठवा, तुमच्या ९.५ ला ४.९ ने बांधलं, ४.९ ला सनच्या ३.४.३ ने, आणि त्याला कुणी बांधलं ते सनला ठाऊक. तीन टप्प्यांची तुलनाही इथे उपयोगाची नाही, कारण खोडी दोन्हींत सारखीच असेल. बांधणी थांबवू नका. फक्त सर्व्हर रूममध्ये बसून हे वाचायला छान वाटतं, म्हणून सांगितलं.

जीसीसीच्या पोटात नेमकं काय चालतं ते खरोखर शिकायचं असेल, तर त्यासाठी फार लांब जायला नको. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसीचं एक केंद्रच चालवलं आणि कार्यशाळा घेतल्या. त्यातलं साहित्य वाचलं की आपण इतके दिवस फक्त दाराची कडी वाजवत होतो हे लक्षात येतं.

पायरी ७ : जीमेक इन्स्टॉल

करा.

पायरी ८ : चालवून पाहा

‘हॅलो वर्ल्ड’ लिहा. ‘व्हॉइड मेन’ लिहू नका, आता टर्बो सी नाही. ‘सीएलआरएससीआर’ही नाही, पडदा आहे तसाच राहू द्या. तयार होणाऱ्या प्रोग्रॅमला ‘टेस्ट’ हे नाव देण्याची तीव्र इच्छा होईल. दिलंत आणि ‘टेस्ट’ टाइप केलंत, तर काहीच छापलं जाणार नाही, कारण त्या नावाची कमांड शेलमध्ये आधीपासून आहे आणि ती अबोल आहे. आठ पायऱ्या चढून आलेले लोक इथे कंपायलर बिघडला म्हणून तो पुन्हा बांधायला घेतात.

सी++ चा प्रोग्रॅम केलात तर तो कंपाइल होईल, पण चालवताना ‘एलडी डॉट एसओ डॉट १’ म्हणेल की सी++ ची लायब्ररी उघडता आली नाही. फाइल तर तुमच्या डोळ्यांसमोर ‘/ऑप्ट’खाली आहे. सोलॅरिसचा चालतेवेळचा लिंकर मुळात ‘/लिब’ आणि ‘/यूएसआर/लिब’ एवढ्याच गल्ल्या फिरतो. खरा उपाय म्हणजे लिंक करताना ‘-आर’ देऊन लायब्ररीचा पत्ता प्रोग्रॅममध्येच कोरणे. तो करा.

पण कुणीतरी तुम्हाला ‘सीआरएलई’ सांगेल. ही कमांड अख्ख्या यंत्राच्या शोधमार्गात फेरफार करते. तिला ‘-एल’सोबत फक्त तुमची ‘/ऑप्ट’ची डिरेक्टरी दिली, तर ती आज्ञाधारकपणे जुना मार्ग पुसून तेवढाच ठेवते. सोलॅरिस १० मध्ये झाडून सगळ्या कमांडी लायब्रऱ्यांवर अवलंबून आहेत. त्या क्षणी ‘एलएस’ मरतो, ‘सीपी’ मरतो, आणि चूक निस्तरायला लागणारा ‘आरएम’सुद्धा मरतो. उघडं असलेलं शेल तेवढं जिवंत असतं. ते बंद करू नका, आणि घाबरून यंत्र रीबूट तर मुळीच करू नका. ‘एलडी नोकॉन्फिग’ हा चल ‘येस’ करून त्याच ओळीत ‘आरएम’ला ‘/व्हार/एलडी/एलडी डॉट कॉन्फिग’ पुसायला सांगा. त्या चलामुळे लिंकर बिघडलेल्या फाइलकडे दुर्लक्ष करतो आणि ‘आरएम’ उठून बसतो. ही ओळ कागदावर लिहून यंत्राला चिकटवून ठेवा, कारण लागेल तेव्हा ती शोधायला काहीच चालणार नाही. ‘सीआरएलई’ वापरायचीच असेल तर आधी ‘-यू’ द्या; त्याने जुना मार्ग राहतो आणि नवा मागे जोडला जातो.

प्रोग्रॅम नेटवर्कवर बोलणारा असेल तर लिंकर सॉकेटची फंक्शनं सापडत नसल्याची तक्रार करील. लिनक्सवर ती सीच्या मूळ लायब्ररीतच असतात, इथे ‘सॉकेट’ आणि ‘एनएसएल’ या दोन वेगळ्या लायब्रऱ्या जोडाव्या लागतात. जोडा.

एक शेवटची सूचना, कारण ती कुणी देत नाही. बसताना जीसीसीने सिस्टीमच्या काही हेडर फायली स्वतःच्या घरी उतरवून घेतल्या आहेत आणि त्यांत दुरुस्त्या केल्या आहेत. त्याला त्या जशा होत्या तशा पसंत पडल्या नाहीत. पुढे सिस्टीमवर पॅच लागला की मूळ हेडर बदलतात, जीसीसीच्या घरातल्या जुन्याच राहतात, आणि कालपर्यंत कंपाइल होणारा प्रोग्रॅम आज भलतीच तक्रार करतो. अशा वेळी जीसीसीच्या ‘इन्स्टॉल-टूल्स’ डिरेक्टरीतली ‘एमकेहेडर्स’ ही स्क्रिप्ट चालवायची. पॅच लावणारे रात्री लावतात आणि कळवत नाहीत, तेव्हा शंका आली की ती चालवून टाका, मिनिटभर लागतं. फक्त चालवण्यापूर्वी पाथ तपासा. यूसीबी परत आलेला असतो.